हाय म्हणजे जागा आहे

कर्जतला जाऊन आलो असं सांगितलं की लोक विचारतात, फार्महाऊसवर का? मी म्हणतो, नाही, साडूकडे. मग त्यांचा माझ्यातला रस संपतो. तरीही हे लिहायला बसलोय, कारण परतल्यापासून ही हकिगत मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे, आणि घरच्यांचं म्हणणं असं की दर वेळी त्यातली दरी थोडी अधिक खोल होत चालली आहे. एकदा कागदावर उतरवली म्हणजे दरी आहे तेवढीच राहील.

प्रवासाचं कारण आमची एकुलती एक सानिका. वय सव्वीस. तिला खालापूर तालुक्यातल्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. राहायचं कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत, मावशीकडे. तिथून रोज स्वतः गाडी चालवत खालापूरकडे जायचं, परत यायचं, कधी दुपारच्या पाळीला तर कधी पहाटेच्या. इकडे नाशकातही एक नोकरी हातात होती. घरापासून चालत जाता येईल अशी. मला ती फार आवडली होती. तिला अजिबात आवडली नव्हती. घरात बरेच दिवस ताटं जोरात आपटली जात होती. शेवटी सानिका म्हणाली, "बाबा, तीन दिवस माझ्यासोबत चला. मी चालवते, तुम्ही बघा. बघून झाल्यावर तुम्ही नाही म्हणालात तर मी नाशिकची घेते, पुन्हा विषय काढणार नाही. पण न बघता नाही म्हणायचं नाही."

म्हणजे माझं काम सोपं होतं. तीन दिवस घाबरायचं आणि शेवटी 'नाही' म्हणायचं. दोन्हींचा मला दांडगा सराव आहे. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या वरच्या फळीसाठी शिडीवर चढायचं असेल तर शिडी धरायला दोन माणसं बोलावतो.

पण माझ्या भीतीचं मूळ समजायला आमच्या जेवणाच्या टेबलापाशी यावं लागेल. बारावीनंतर सानिकाने व्हिडिओ गेमचं एक स्टिअरिंग आणलं. ते टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं आणि पायाशी पेडल ठेवायचे. एका टोकाला मी वरणभात खातोय आणि दुसऱ्या टोकाला माझी मुलगी बर्फाळ घाटातून भन्नाट वेगाने निघाली आहे, असं आमचं कौटुंबिक जेवण असायचं. वळण हुकलं की गाडी कड्यावरून खाली. मग ती "श्शी!" म्हणायची, एक बटण दाबायची, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर हजर. काचेला ओरखडा नाही. माझं वरण मात्र प्रत्येक वेळी ताटाबाहेर जायचं.

खऱ्या गाडीचा परवाना तिला पहिल्या फटक्यात मिळाला. सगळ्यांनी गेमला श्रेय दिलं. मला वेगळंच वाटत राहिलं. जिच्या हातून इतक्या गाड्या दरीत गेल्या आणि सगळ्या परत आल्या, तिला दरी म्हणजे काय हे कसं कळणार? ती कधी घाबरतच नसे. मला तिच्या गाडी चालवण्याची भीती नव्हती, तिच्या न घाबरण्याची होती.

कसाऱ्याचा उतार

गाडी विजेवर चालणारी, सानिकाने आधीच्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. तिला इंजिनाचा आवाज नाही. आवाज नाही म्हणजे वेग कळत नाही, वेग कळला नाही की मनाला येईल तो वेग मी धरतो. गाडीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबू लागतो. माझ्या बाजूला ब्रेक नाही हे पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

शिवाय ही गाडी हुशार आहे. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग आपणहून थरथरतं. कसारा घाटात ते पहिल्यांदा थरथरलं तेव्हा मी किंचाळलो.

"बाबा, ते फक्त सावध करतंय," सानिका म्हणाली.

"मीही तेच करतोय."

"हो, पण ते एकदाच करतं."

मागच्या सीटवर माझी बायको विद्या संत्रं सोलत होती. ती प्रवासात घाबरत नाही, कारण ती बाहेर बघतच नाही. घाट संपेपर्यंत तिने मला चार फोडी दिल्या. त्या तशाच मुठीत राहिल्या.

दहिवली

मुरबाड मागे टाकलं, कशेळे आलं, आणि उजव्या-डाव्या हाताला भाताची कापलेली खाचरं दिसू लागली. थंडी सरत आली होती. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. जिकडेतिकडे वालाचे हिरवे पट्टे. आमच्या नाशकाकडचे डोंगर सुटेसुटे उभे असतात, भांडण झालेल्या भावांसारखे. इथे सह्याद्री एकसंध भिंत होऊन उभा आहे आणि गावं त्या भिंतीला पाठ टेकून बसली आहेत.

साडूच्या घराचं फाटक अरुंद. गाडी उलटी आत घ्यायची होती. साडू दिलीपराव, अंगात बनियन, लगबगीने गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवत ओरडू लागले, "हाय! हाय! हाय! हाय!"

माझ्या काळजाचं पाणी झालं. एखादं पोर चाकाखाली आल्याशिवाय माणूस असा आक्रोश करणार नाही. "थांब! थांब! कुणीतरी गेलं!" मी ओरडलो आणि दोन्ही हातांनी समोरचा भाग पकडला. सानिकाने कचकन ब्रेक मारला. विद्याचं उरलेलं संत्रं माझ्या मानेवर आलं.

दिलीपराव काचेपाशी आले. "काय झालं, साडूभाऊ?"

"कोण आहे चाकाखाली?"

"कोण नाय."

"मग हाय हाय कशाला करताय?"

माझी मेहुणी शैला पायरीवर बसूनच हसायला लागली. ती मूळची आमच्या नाशकाची, पण लग्न होऊन इथे आल्याला इतकी वर्षं झाली की तिच्या बोलण्याने माहेर सोडलं आहे. "अवो भाऊजी, हाय म्हणजे जागा आहे! जागा हाय, येऊ द्या, असं सांगतायत ते. जागा संपली की नाय म्हणतील."

"मग नीट 'आहे' म्हणावं ना माणसाने."

"एवढं लांबडं म्हणेपर्यंत भिंत पडंल आमची," दिलीपराव म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर टाकून गाडी चार्जिंगला लावली. शैलाला खोबरं-मिरची वाटायची होती. ती मिक्सरच्या बटणावर बोट ठेवून उभी राहिली. "लावू का? का गाडीचं जेवण झाल्यावर लावू?" शेवटी तिने पाट्यावर वाटलं. ते वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मी अजून विसरलेलो नाही. आमच्याकडची बाजरीची भाकरी ताटात खणखणीत वाजते. ही पांढरी, मऊ, घडी घालून खिशात ठेवावी अशी.

जेवताना अर्थात वाद झाला. दिलीपराव भातशेती सांभाळून नोकरी करतात आणि यंत्रावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास आहे. "मशीनला झोप येत नाय, राग येत नाय, फोन येत नाय. चुकतो तो माणूस."

"मशीन केलं कुणी? माणसानेच ना?"

"जाग्या माणसानं केलं. चालवतो तो झोपलेला असतो."

"आणि हे गेम? पोरं त्यात पडतात, मरतात, पुन्हा उठतात. त्यांना वाटतं सगळंच तसं."

"साडूभाऊ, तुमी लहानपणी पतंगाच्या मागं गच्चीवर पळायचा ना? तवा कोणचा गेम होता?"

मी कधीच पळालो नव्हतो. मी खाली उभा राहून पळणाऱ्यांना सावध करत होतो. हे मी सांगितलं नाही.

खालापूरचा रस्ता

दुसऱ्या दिवशी रोजच्या रस्त्याची परीक्षा. पळसदरीवरून खोपोली, तिथून खालापूरकडे. डाव्या हाताला डोंगराची भिंत सोबत चालते आणि रस्ता तिच्या पायाशी वळणं घेत जातो. बघायला सुंदर असणार. मी समोरून येणारे डंपर बघत होतो. सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे शहरातून आलेल्या गाड्या आपल्याला आजच्या आज सगळा निसर्ग संपवायचा आहे अशा घाईने ओव्हरटेक करत होत्या.

एका वळणापलीकडे पेंढ्याने लादलेला टेंपो निघाला. पेंढा इतका बाहेर आलेला की टेंपो दिसतच नव्हता, एक गवताची गंजी आपणहून चालली होती. आमच्या हुशार गाडीला ती भिंत वाटली. कुणी काही करायच्या आत गाडीने स्वतःच असा ब्रेक मारला की पट्ट्याने माझी छाती आवळली. मागून हॉर्नचा मोठ्ठा आवाज आला आणि आरशात एका ट्रकचं तोंड आरसाभर झालं. तो कसाबसा आमच्या अंगाला चाटून पुढे गेला. ड्रायव्हरने खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

"पाहिलंस?" मी म्हणालो. मला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"पेंढा कळला नाही तिला," सानिका शांतपणे म्हणाली. "पुढच्या वेळी आधीच अंतर ठेवीन."

तो शांतपणाच मला खात होता. पुढची वेळ! जणू बटण दाबलं की येतेच ती.

खालापूरला एका टपरीवर चहा घेतला. माझ्या हातातला कप बशीवर वाजत होता. टपरीवाल्या मावशींनी सानिकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू चालवतेस व्हय गं गाडी? आन ह्ये कोण, पेशंट?"

कारखान्याचं फाटक बंद होतं. सानिकाने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, पण उतरली नाही. स्टिअरिंगवर हनुवटी टेकून ती त्या फाटकाकडे बघत बसली. आत एक लांबलचक पांढरी इमारत, चार अशोकाची झाडं. बघण्यासारखं काहीही नव्हतं. "तो वरचा मजला दिसतो ना, ती आमची प्रयोगशाळा," ती म्हणाली. आमची. मग तिला आठवलं असावं, कारण तिने लगेच गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर मला नवीनच भीती वाटू लागली. आजवर माझ्या 'नाही'ला घरात कुणी विचारत नसे. म्हणून ते मला निर्धास्तपणे म्हणता यायचं. या वेळी ते ऐकलं जाणार होतं.

कोणची ठाकूरवाडी?

तिसऱ्या दिवशी पोपटी होती. पोपटी म्हणजे या भागातली हिवाळ्याची खास मेजवानी. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. दिलीपरावांच्या एका मित्राच्या शेतावर बेत होता. दुपारीच ते शैलाला मोटरसायकलवर मागे बसवून, मडकं तिच्या मांडीवर देऊन निघाले. जाताना म्हणाले, "तुमी निवांत या उन्हं कलल्यावर. ठाकूरवाडीला. आपल्या."

तो 'आपल्या' आम्ही कुणी ऐकलाच नाही. सानिकाने मोबाइलच्या नकाशात ठाकूरवाडी टाकली. लगेच सापडली. नकाशातली बाई मराठीत बोलू लागली आणि आम्ही निघालो. या मुलखात ठाकूर लोकांची वस्ती असेल तिला ठाकूरवाडी म्हणतात, आणि डोंगराच्या पायथ्याला अशा वस्त्या कितीतरी आहेत. ठाकूरवाडी म्हणजे मामाचं गाव म्हटल्यासारखं. ज्याचं त्याला ठाऊक. हे आम्हाला नंतर कळलं.

डांबरी रस्ता संपला, सिमेंटचा लागला. तोही एका वाडीतून गेला आणि संपला. कुडाच्या भिंतींची, सारवलेल्या अंगणांची दहा-बारा घरं. विद्या म्हणाली, "विचारूया का कुणाला?" बाई म्हणत होती, सरळ जा. सानिका म्हणाली, जवळच दाखवतंय. आणि मी, जन्मभर यंत्रावर अविश्वास दाखवलेला माणूस, त्या क्षणी म्हणालो, "असेल तिचं बरोबर." दोन दिवस मी इतका ओरडलो होतो की आता भित्रा दिसायची लाज वाटत होती.

पुढे कच्ची वाट चढू लागली. उजव्या हाताला डोंगराची दरड, घाणेरीच्या झुडपांनी भरलेली. डाव्या हाताला आधी उतार होता, मग तीव्र उतार, मग नुसती झाडांची टोकं. खाली ओढ्याचे दगड, पांढरे, दातांसारखे. एक वळण घेतलं आणि समोर वाटेत आडवा चर. पाइप टाकायला खणलेला, अजून न बुजवलेला. सानिकाने गाडी थांबवली. तेवढ्यात बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण पोहोचला आहात. आपलं ठिकाण डाव्या बाजूला आहे."

मी डाव्या बाजूला पाहिलं. ते माझ्याच बाजूला होतं. तिथे काहीही नव्हतं.

गाडी वळवायला जागा नाही. उलटं जायचं, वळणावरून, उतारावर. सानिकाने मागचा कॅमेरा लावला. मावळतीचा सूर्य नेमका मागे, त्यामुळे पडद्यावर नुसता पांढरा उजेड. गाडी हातभर मागे सरकली आणि सगळीकडून पीं पीं पीं सुरू झालं. झुडपं लागली की पीं, दगड दिसला की पीं, आणि थोड्या वेळाने गाडी आपली आपणच थांबायची. कशाकशाची म्हणून तिला भीती वाटत नव्हती! सगळ्याच गोष्टींना भिणारं ते यंत्र नेमकं कुठल्या गोष्टीला भ्यायचं हे काही सांगू शकत नव्हतं. मला ते फार ओळखीचं वाटलं.

"हे बंद करते," असं म्हणून सानिकाने एक बटण दाबलं. शांतता झाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीपण जरा."

खालून दोन माणसं चढून येत होती. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आणि मागे हातात कोयता घेतलेला तिचा नवरा. बाईने मोळी खाली टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, "आली बघ आनखी एक. ही तर मुकीच हाय, आवाजच नाय तिला."

"कुटं जायचंय तुमाला?" नवऱ्याने विचारलं.

विद्याने काच खाली केली. "ठाकूरवाडीला."

"मंग आलात की. हीच ठाकूरवाडी."

"पोपटी आहे तिथे. दहिवलीचे दिलीपराव..."

"ती नदीपल्याडची ठाकूरवाडी!" बाई म्हणाली. "कोणची ठाकूरवाडी ते आदी इचारायचं नाय का? त्या मोबाइलातल्या बाईला काय ठावं, ती काय हितली हाय?"

त्यांची नावं काळूराम आणि चांगुणा, हे त्यांच्या भांडणातूनच कळलं, कारण भांडण लगेच सुरू झालं. काळूराम मागे उभा राहिला. "घ्या ताय मागं. मी हाय ना." आणि हात हलवत, "हाय... हाय... हाय..."

"नाय!" चांगुणा ओरडली. "नाय रं काळूराम! चाक बघ तिचं डावं!"

"हाय गं. दोन वीत हाय."

"तुजं हाय मला नको सांगूस. त्या टेंपोला बी असाच हाय हाय करत आंब्याच्या बुडात घातलास."

"तो टेंपोवाला मोबाइलात बघत व्हता."

"आन तू त्याच्या मोबाइलात बघत व्हतास!"

गाडी थांबली. मी सानिकाकडे पाहिलं. तिने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि जीन्सवर पुसले. कापडावर ओले पंजे उमटले.

"बाबा," ती म्हणाली, "मला भीती वाटतेय."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "गेममध्ये अशा वेळी काय करतेस?"

"जाऊ देते खाली. परत सुरू करते." तिने आरशात विद्याकडे पाहिलं. "गेममध्ये तुम्ही दोघं गाडीत नसता, बाबा."

मग ती म्हणाली, "तुम्ही उतरा. तुम्ही सांगा मला. त्या दोघांचं नको."

"मी? अगं, मी स्कूटर फिरवतानासुद्धा..."

"म्हणूनच. जागा असल्याशिवाय तुम्ही आहे म्हणणारच नाही. तुमच्याइतका घाबरट माणूस मी दुसरा बघितला नाही."

उभ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

माझ्या बाजूचं दार उघडलं तर खाली पाऊलभर गवत आणि पुढे ते ठिकाण. मी दार ओढून घेतलं. दोन सीटांच्या मधून मागे जाण्याचा प्रयत्न केला. पोट अडकलं. विद्याने बगलेत हात घालून ओढलं. "आधी श्वास सोड. सोड म्हणते ना!" एकदाचा तिच्या मांडीवर पडलो. मग उजव्या दारातून, घाणेरीचे ओरखडे अंगावर घेत, आम्ही दोघं बाहेर आलो.

गाडीच्या मागे, डाव्या चाकाच्या रेषेत उभा राहिलो. माझ्या टाचेमागे वाटेची कड होती आणि कडेपलीकडे ते पांढरे दगड. समोर गाडी, तिच्यात माझी मुलगी, आणि तिला दिसत काही नाही. मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. फुटला तो असा, "या... या..." पाहुण्यांना बोलावल्यासारखा.

गाडी हलली. "जागा आहे... अजून आहे..." माझं वाक्य पुरं होईस्तोवर चाक त्याच्या पुढे गेलेलं असायचं.

"अवो, एवडं लांब नका सांगू!" चांगुणा ओरडली. "हाय म्हना, हाय!"

"हाय," मी म्हणालो.

गाडी तेवढीच आली.

"हाय... हाय..." चाकाखाली मुरूम करकरत होता. मला फक्त ते चाक आणि कड दिसत होती. सूर्य पाठीवर होता. वळण आलं. सानिकाने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीची शेपटी कडेकडे झुकू लागली. "हाय... हाय... नाय!"

ती जागच्या जागी थांबली. चाकाखालून एक धोंडा सुटला, कडेवरून गेला आणि खाली वाजत राहिला. फार वेळ वाजत राहिला.

"बाबा?" काचेतून आवाज आला. बारीक, लहानपणी अंधारात पाणी मागायला उठायची तसा.

"मी आहे," मी म्हणालो. मग चाक पाहिलं, कड पाहिली, पुन्हा चाक पाहिलं. "पुढे घे थोडी. हां. आता उजवीकडे पुरतं फिरव. आता ये. हाय... हाय... हाय..."

वाडीचा सिमेंटचा रस्ता चाकांखाली आला तेव्हा मी अजून ओरडतच होतो. विद्याने माझा दंड धरला. "पुरे. आता मैदान आहे."

काळूराम म्हणाला, "बराबर सांगितलंत, पाव्हणं."

चांगुणा म्हणाली, "ह्यांच्याकडनं शिक जरा." आणि मोळी उचलून दिल्यावर नदीपल्याडच्या ठाकूरवाडीचा रस्ता तिने हातवाऱ्यांनी असा समजावला की नकाशा पुन्हा लावावा लागला नाही.

शेवटी पोपटी

पोहोचलो तेव्हा मडकं उघडायची वेळ झाली होती. जाळ विझलेला, राख अजून लाल. भांबुर्ड्याच्या धुराचा कडूगोड वास. शेंगा सोलून वालाचे गरम दाणे तोंडात टाकत होतो. माझे निम्मे दाणे शेतालाच मिळाले. दिलीपरावांना सगळी हकिगत कळल्यावर ते पोट धरून हसले. "अवो, 'आपल्या' म्हणालो होतो ना मी!" मग माझ्याकडे वळले. "बोला साडूभाऊ, झाले तीन दिवस. पास का नापास?"

सानिका मान खाली घालून एक शेंग सोलत होती. ती शेंग कधीच सोलून झाली होती.

मी ठरवून आणलेली सगळी कारणं तोंडाशी आली. डंपर, पेंढ्याचा टेंपो, पहाटेची पाळी, डोंगर. एकही खोटं नव्हतं. आणि मला ते ओले पंजे आठवले.

"रस्ता वाईट आहे," मी म्हणालो. "गाडी मूर्ख आहे. नकाशातली बाई तर खुनीच आहे." हातातली शेंग खाली ठेवली. "जा तू. घे ती नोकरी."

सानिकाने वर पाहिलं. "बघून म्हणताय ना?"

"बघून म्हणतोय."

तिने ती शेंग माझ्या हातात ठेवली. खूप चोळामोळा झालेली, पण दाणे शाबूत होते.

आता ती तिथेच असते. माझी भीती गेली का? मुळीच नाही. ती आता सानिकाच्या पाळीप्रमाणे चालते. ती कारखान्यातून निघायची वेळ झाली की इकडे, नाशकात, ग्रंथालयातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या माझा उजवा पाय फरशी दाबायला लागतो. कुणी पुस्तक मागितलं तर मी भलतंच देतो. मग टेबलावरचा मोबाइल थरथरतो. दहिवलीच्या फाटकातून गाडी आत घेतल्यावर सानिका मला एकच शब्द पाठवते. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी एकदा डोकावून पाहिलं आणि हळहळल्या, "आजकालची मुलं! बापाला एवढ्या लांबून लिहायचं, तर नुसतं 'हाय'?"

मी मान डोलावली आणि पाय फरशीवरून उचलला.